नकाशावरचे एक वाक्य

मे महिना उजाडला की शिकागोच्या मराठी घरांत पाहुण्यांचा मोसम सुरू होतो. भारतातून आई-वडील येतात, सासू-सासरे येतात, न्यू जर्सीचा मावसभाऊ मुलाबाळांसह गाडी हाकत येतो. पहिल्या शनिवारचा कार्यक्रम सगळ्यांच्या घरी सारखाच. आधी सिअर्स टॉवर (२००९ साली त्याचे विलिस टॉवर झाले, पण आपल्या तोंडात ते नाव अजून बसलेले नाही), मग बकिंगहॅम कारंजे, मग ती चकचकीत 'बीन', आणि शेवटी सरोवराच्या काठी बसून डब्यातल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. रविवारी ऑरोराचे बालाजी मंदिर.

ही फेरी मी इतक्यांदा केली आहे की पाहुणे कुठे थांबून 'अरे वा!' म्हणणार हे मला आधीच ठाऊक असते. पण मुंबई महानगरपालिकेत सारी नोकरी घालवलेले आमच्या नात्यातले एक गृहस्थ आले होते, त्यांनी मिशिगन अव्हेन्यूवर उभे राहून वेगळेच काही विचारले. "अहो, सगळे टॉवर रस्त्याच्या पश्चिमेलाच आहेत. पूर्वेला पाण्यापर्यंत नुसती हिरवळ. एवढी सोन्याच्या मोलाची जमीन या लोकांनी सोडली कशी?" त्यांचा जन्म गेला बांधकामाचे नकाशे तपासण्यात, त्यामुळे त्यांना कारंज्यापेक्षा मोकळी जागा आधी दिसली.

सोडली नाही, हेच त्याचे उत्तर. ती हडप करण्याचा प्रयत्न पावणेदोनशे वर्षे अधूनमधून चालूच आहे. ती वाचली ती एका नकाशावर लिहिलेल्या एका वाक्यामुळे, आणि त्या वाक्यासाठी कोर्टात जाणाऱ्या काही हट्टी माणसांमुळे.

१८३६ साली शिकागो म्हणजे चारेक हजार वस्तीचे चिखलाने भरलेले गाव होते. मिशिगन सरोवर आणि इलिनॉय नदी यांना जोडणारा कालवा खणायचा होता आणि त्यासाठी पैसा हवा होता. म्हणून कालव्याच्या कमिशनरांनी गावातली जमीन प्लॉट पाडून विकायला काढली. प्लॉटचा नकाशा काढताना मिशिगन अव्हेन्यूच्या पूर्वेला सरोवरापर्यंतची चिंचोळी पट्टी त्यांनी रिकामी ठेवली आणि तिच्यावर लिहिले की ही सार्वजनिक जागा आहे, ती कायमची मोकळी व निर्वेध राहील, तिच्यावर कोणतीही इमारत वा अन्य कसलाही अडथळा येणार नाही. हेतू उदात्त होता, की समोरच्या प्लॉटना चांगला भाव यावा एवढाच होता, यावर वाद घालता येईल. मला दुसरे कारण जास्त पटते. पण कारण काहीही असो, वाक्य लिहिले गेले, आणि ते वाचून लोकांनी प्लॉट विकत घेतले. पुढे सगळी मदार या दुसऱ्या गोष्टीवर ठरली.

पहिला घाव रेल्वेने घातला. सरोवराच्या लाटांनी किनारा खचत होता आणि मिशिगन अव्हेन्यूवरच्या धनिकांच्या घरांना धोका होता. बंधारा बांधायला गावाकडे पैसे नव्हते. इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनी म्हणाली, बंधारा आम्ही बांधतो, त्या बदल्यात किनाऱ्यालगत रूळ टाकू द्या. १८५२ साली पाण्यातच लाकडी खांब रोवून त्यांवरून आगगाडी गेली. रूळ आणि किनारा यांच्या मध्ये पाण्याचा एक डबका-तलाव उरला. त्यात श्रीमंतांच्या होड्या फिरत आणि गावाचा कचराही जाई.

ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोची ती प्रसिद्ध आग लागली. तीनशेच्या आसपास माणसे गेली, लाखभर बेघर झाली. जळक्या विटा, वितळलेले लोखंड, कोळसा झालेले वासे, हे सगळे टाकायचे कुठे? जवळची जागा म्हणजे तो डबका. आज आपण ज्या हिरवळीवर चादर अंथरतो तिचा पश्चिमेकडचा भाग त्या जळलेल्या शहराच्या राखेवर उभा आहे. त्याच्या पूर्वेला पुढे वर्षानुवर्षे भर घालून सरोवर मागे हटवले गेले. म्हणजे ग्रँट पार्क हा बहुतेक सगळा मानवनिर्मित आहे, आपल्या मरीन ड्राइव्हसारखाच. पाहुण्यांपैकी मुंबईकरांना हे सांगितले की त्यांचा ऊर थोडा हलका होतो.

मधल्या काळात आणखी एक प्रकार घडून गेला होता. १८६९ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून एक कायदा केला आणि शहरासमोरचा सरोवराचा तळ, हजार एकरांहून अधिक, त्या रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांत लोकांचा संताप पाहून कायदा रद्द झाला; कंपनी मात्र देणगी परत करायला तयार नव्हती. दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९२ साली चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या बहुमताने निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की असे पाणी आणि त्याखालची जमीन सरकारच्या मालकीची असली तरी ती खासगी मिळकतीसारखी नसते. सरकार तिचे विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव अशी कुणाला देऊन टाकता येत नाही. या निकालाकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे, कारण तो फिरत फिरत थेट हिमाचल प्रदेशात पोचला.

पाणी वाचले. पण काठावरच्या त्या मोकळ्या पट्टीचे काय? तिथे तबेले होते, सर्कशीचे तंबू होते, लष्करी कवायतीच्या इमारती होत्या, कचऱ्याचे ढीग होते, आणि रेल्वेच्या शेड तर होत्याच. 'लेक पार्क' हे नाव कागदावर होते. या पट्टीसमोर मिशिगन अव्हेन्यूवर एका व्यापाऱ्याचे कार्यालय होते. त्याचे नाव एरन मॉन्टगोमेरी वॉर्ड.

वॉर्ड यांनी १८७२ साली एका कागदाच्या यादीवर धंदा सुरू केला होता. खेड्यातल्या शेतकऱ्याने यादी पाहून पत्र टाकायचे, माल आगगाडीने घरी येणार, पसंत नाही पडला तर पैसे परत. मधला दलाल नाही. यातून ते गडगंज झाले. (त्यांची मूळ कंपनी २००१ साली बंद पडली, आपल्यातल्या जुन्या मंडळींनी पहिला टोस्टर किंवा व्हॅक्यूम क्लीनर तिथूनच घेतलेला असेल.) १८९० साली वॉर्ड यांनी खिडकीतून खालची घाण पाहिली आणि आपल्या वकिलाला बोलावून 'याचे काहीतरी करा' म्हणून सांगितले, अशी आख्यायिका आहे. वकिलाने तो १८३६ चा नकाशा शोधून काढला.

मुद्दा साधा होता. त्या वाक्यावर विसंबून ज्यांनी समोरचे प्लॉट घेतले, त्यांना आणि त्यांच्यानंतरच्या मालकांना समोरची जागा मोकळी राहण्याचा हक्क प्लॉटबरोबरच मिळाला. वॉर्ड हे तसे एक मालक. म्हणजे बघा, सार्वजनिक जागा वाचवायला शहराचे प्रतिनिधी उभे राहिले नाहीत; एका खासगी मालकाचा खासगी हक्क उपयोगी पडला. शहराला तिथे नगरभवन, पोस्ट ऑफिस, पोलीस ठाणे, वाटेल ते बांधायचे होते. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत १८९७, १९०२, १९०९ आणि १९१० असे चार वेळा प्रकरण गेले, आणि चारही वेळा वॉर्ड जिंकले.

एका इमारतीला मात्र समोरच्या मालकांनी संमती दिली होती. ती म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट, ते दोन हिरवट सिंह दारात बसलेले आहेत तीच. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथे सर्वधर्म परिषद भरली आणि ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंदांनी आपले ते भाषण केले. पाहुण्यांना आपण हे भक्तिभावाने सांगतोच, समोरच्या रस्त्याला स्वामींचे नाव दिले आहे तेही दाखवतो. पण त्याच परिषदेत मुंबईचे ब. ब. नगरकर हेही होते, ब्राह्मो समाजाच्या वतीने आलेले, आणि त्यांनी भारतातील समाजसुधारणेच्या कार्यावर निबंध वाचला, हे आपल्या मंडळींना क्वचितच ठाऊक असते. मराठी माणूस शिकागोच्या या मैदानावर पाय ठेवून गेला तो विद्यार्थी-व्हिसाच्या जमान्याच्या किती आधी!

वॉर्ड यांची शेवटची लढाई सगळ्यात अप्रिय ठरली. मार्शल फील्ड हे शहरातले सर्वात मोठे दुकानदार १९०६ साली वारले आणि नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयासाठी ८० लाख डॉलर ठेवून गेले. संग्रहालय ग्रँट पार्कच्या ऐन मध्यावर व्हावे अशी योजना होती (१९०१ साली लेक पार्कचे नाव ग्रँट पार्क झाले होते). आता संग्रहालयाला कोण विरोध करणार? वॉर्ड यांनी केला. वर्तमानपत्रांनी त्यांना हटवादी म्हटले, लोककल्याणाचा शत्रू म्हटले. सहसा मुलाखत न देणाऱ्या या माणसाने १९०९ साली एका वृत्तपत्राला सांगितले की आपण ही जागा लक्षाधीशांसाठी नव्हे, गरिबांसाठी राखतो आहोत. आणि लोकांच्याच मर्जीविरुद्ध लोकांसाठी बाग राखायला इतकी वर्षे लागतील हे आधी कळते तर आपण या भानगडीत पडलोच नसतो. त्यांच्या तर्काला तोड नाही. आज संग्रहालय, उद्या ग्रंथालय, परवा नगरभवन, प्रत्येक वास्तू चांगलीच. अशा चांगल्या वास्तूंनीच मोकळी जागा संपते. आपल्या गावातल्या मैदानांचे काय झाले ते आठवून पाहावे: आधी एक समाजमंदिर, मग व्यायामशाळा, मग वाचनालय, आणि पोरे खेळायला रस्त्यावर.

संग्रहालय अखेर दक्षिणेकडे सरकले, रेल्वेने दिलेल्या जागेवर, आणि १९२१ साली उघडले. मत्स्यालय आणि तारांगण १९३० साली तिथेच आले. या तिन्हींच्या मधून पूर्वी मोटारींचा महामार्ग जाई. तो पश्चिमेला हलवून १९९८ साली सगळा परिसर हिरवळीने जोडला गेला. वॉर्ड १९१३ साली गेले. त्यांचे स्मारक कुठे आहे असे पाहुण्यांनी विचारले तर मी मोकळ्या आकाशाकडे बोट दाखवतो.

ज्यांचे नाव जास्त घेतले जाते ते वास्तुशास्त्रज्ञ डॅनियल बर्नहॅम. १८९३ चे प्रदर्शन त्यांनीच उभारले, आणि १९०९ साली एडवर्ड बेनेट यांच्यासह शहराचा भव्य आराखडा मांडला. सरोवराचा काठ लोकांच्या मालकीचा आहे, तो सलग बागांचा असावा, हा विचार त्यात ठळकपणे आला. आज उत्तर-दक्षिण १८ मैलांची पायवाट सलग चालता येते ती त्या विचाराच्या पुण्याईने. पण गंमत अशी की ग्रँट पार्कच्या मध्यावर ते संग्रहालय याच आराखड्यात काढलेले होते! स्वप्न पाहणारे बर्नहॅम आणि 'नाही' म्हणणारे वॉर्ड, दोघेही नसते तर हा काठ असा राहिला नसता.

उत्तरेकडच्या लिंकन पार्कची कथा निराळी. तिथे शहराची स्मशानभूमी होती. पटकीच्या साथीत मेलेल्यांची थडगी पिण्याच्या पाण्याजवळ आहेत अशी ओरड डॉ. जॉन राउश यांनी केली, आणि हळूहळू दफन बंद होऊन तिथे बाग झाली. १८६५ साली लिंकन यांच्या हत्येनंतर तिला त्यांचे नाव मिळाले. १८६८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कने हंसांच्या दोन जोड्या भेट दिल्या, तिथून प्राणिसंग्रहालयाची सुरुवात झाली. आजही त्याला तिकीट नाही, ही बाब पाहुण्यांना हंसांपेक्षा जास्त आवडते. एक जुने दगडी थडगे मात्र बागेत तसेच उभे आहे.

इथपर्यंतची हकीकत सांगायला सोपी आहे. पण काठ 'लोकांचा' म्हणताना लोक कोण, हा प्रश्न टाळून चालणार नाही. २७ जुलै १९१९, रविवार, प्रचंड उकाडा. २९व्या रस्त्यापाशी सरोवरात एक अदृश्य रेघ होती; एका बाजूला काळे पोहत, दुसऱ्या बाजूला गोरे. कायद्यात तसे काही लिहिलेले नव्हते. युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळता खेळता त्या रेघेपलीकडे वाहत गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले, आणि मुलगा बुडून मेला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडायला नकार दिला. पुढच्या आठवडाभराच्या दंगलीत ३८ माणसे मेली, २३ काळी आणि १५ गोरी. पाचशेहून अधिक जखमी झाली. दक्षिणेकडच्या रेनबो बीचवर काळ्यांना निर्धास्त पोहता यावे म्हणून १९६० आणि १९६१ साली तरुणांना पाण्यात उतरून सत्याग्रह करावा लागला. महाडचे चवदार तळे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. १९८२ साली तर केंद्र सरकारच्या न्याय खात्याने शिकागोच्या उद्यान विभागावर दावा लावला की काळ्या आणि हिस्पॅनिक वस्त्यांतल्या बागांवर कमी खर्च होतो. पुढच्या वर्षी तडजोड होऊन विभागाला खर्चाची पद्धत बदलावी लागली.

आपण सत्तरीच्या, ऐंशीच्या दशकात इथे आलो तेव्हा हा काठ आपल्याला आयता मिळाला. चादर अंथरली, थर्मासातला चहा काढला, मुलांना पाण्यात सोडले, कुणी हटकले नाही. २९व्या रस्त्याच्या बाजूला काठावर युजीनच्या आठवणीची एक लहान शिला आहे. पाहुण्यांच्या फेरीत ती नसते. मी ती घालू लागलो आहे. पाच मिनिटे लागतात.

अलीकडच्या लढाया आपल्या डोळ्यांदेखत झाल्या. तारांगणाच्या दक्षिणेला नॉर्दर्ली आयलंड नावाची भूमी आहे. बर्नहॅम यांनी तिथे बाग योजली होती, १९४८ साली तिथे छोटा विमानतळ झाला. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री महापौर रिचर्ड एम. डेली यांनी पोलीस बंदोबस्तात बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदून टाकल्या. सोळा विमाने अडकून पडली. नंतर शहराने ३३ हजार डॉलर दंड भरला. आज तिथे रानगवत आहे, पक्षी आहेत, आणि मला ती जागा फार आवडते. पण ज्या काठाचे रक्षण शंभर वर्षे कोर्टातून झाले, तिथे रात्रीचा बुलडोझर शोभत नाही. तो उद्या उलट दिशेनेही येऊ शकतो.

'स्टार वॉर्स'चे जॉर्ज लुकस यांनी २०१४ साली सोल्जर फील्डजवळच्या गाडीतळावर संग्रहालय काढायचे ठरवले. 'फ्रेंड्स ऑफ द पार्क्स' ही संस्था कोर्टात गेली आणि २०१६ साली लुकस यांनी शिकागोचा नाद सोडला. वॉर्ड यांना शिव्या देणारी सगळी वाक्ये पुन्हा छापून आली.

मिलेनियम पार्कबद्दल मात्र कुणी शिव्या देत नाही. तिथे १९९७ पर्यंत रेल्वेचे रूळ आणि गाडीतळ होता. त्यावर छत घालून २००४ साली साडेचोवीस एकरांची बाग झाली. दीडशे दशलक्ष डॉलरचा अंदाज पावणेपाचशेच्या घरात गेला, चार वर्षे उशीर झाला. वॉर्ड यांचा नियम तिथेही आडवा आलाच. म्हणून हॅरिस नाट्यगृह बरेचसे जमिनीखाली आहे, आणि फ्रँक गेरी यांचा तो पोलादी रिबिनींचा रंगमंच कागदोपत्री इमारत नसून 'कलाकृती' ठरवला गेला. पळवाट म्हणा हवे तर. 'बीन'ला अशी अडचण नव्हती. तिचे खरे नाव 'क्लाउड गेट', शिल्पकार अनिश कपूर, १९५४ साली मुंबईत जन्मलेले. पोलादाच्या १६८ पत्र्यांचे हे ११० टनांचे धूड २००६ साली पुरे झाले. त्यात स्वतःचे वेडेवाकडे रूप पाहून आजी-आजोबा नातवंडांपेक्षा जास्त हसतात. फक्त जरा नीट पाहावे: त्या आरशात एका बाजूला इमारतींची रांग दिसते आणि दुसऱ्या बाजूला नुसते आभाळ.

आता १८९२ च्या त्या निकालाबद्दल. हिमाचल प्रदेशात कुलू-मनालीकडे बियास नदीच्या काठची वनजमीन एका मोटेलला भाडेपट्ट्याने मिळाली होती, आणि पुराचे पाणी मोटेलवर येऊ नये म्हणून नदीचा प्रवाह वळवण्याचे काम सुरू झाले होते. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. नदी, किनारे, वने यांचे सरकार हे विश्वस्त आहे, हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग आहे असे न्यायालयाने जाहीर केले, आणि ते मांडताना शिकागोच्या सरोवरकाठच्या रेल्वेच्या निकालाचा आधार घेतला. महापालिकेतल्या आमच्या त्या पाहुण्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी खिशातून डायरी काढून खटल्याचे नाव आणि साल लिहून घेतले.

शेवटी दक्षिणेकडचा जॅक्सन पार्क. १८९३ चे प्रदर्शन याच भूमीवर भरले होते, दोन कोटी सत्तर लाख तिकिटे लागली होती. त्यातली एक मोठी वास्तू आज विज्ञान संग्रहालय म्हणून उभी आहे. याच बागेतल्या १९ एकरांवर बराक ओबामा यांच्या अध्यक्षीय केंद्राचे बांधकाम २०२१ साली सुरू झाले, २२५ फुटी मनोऱ्यासह. त्यासाठी मोठी झाडे तुटली. 'प्रोटेक्ट अवर पार्क्स' संस्थेचे दावे वर्षानुवर्षे चालले आणि बांधकाम काही थांबवू शकले नाहीत. उपेक्षित दक्षिण भागात प्रथमच कुणी एवढा पैसा ओततो आहे, असे तिथले अनेक रहिवासी म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण तिथून परतताना मनोऱ्याकडे पाहून वॉर्ड आठवतात. १८३६ च्या नकाशावरचे ते वाक्य फक्त मिशिगन अव्हेन्यूसमोरच्या पट्टीपुरते होते. जॅक्सन पार्कच्या जागेबद्दल तसे कुणी काही लिहून ठेवलेले नव्हते.